अनुक्रमणिका दाबल्यावर पान उघडले पाहिजे

प्रति,
ठाणे व नवी मुंबई परिसरातील सार्वजनिक कार्यालये, सहकारी गृहनिर्माण संस्था, ग्रंथालये आणि त्यांचे दस्तऐवज पीडीएफ करून देणारे सर्व अक्षरजुळणीकार

विषय : दीर्घ पीडीएफ दस्तऐवजांना वाचनखुणा व अंतर्गत दुवे जोडण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात नौपाड्यात अक्षरजुळणीचे काम करते. गृहनिर्माण संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, पीएच.डी.चे प्रबंध, सल्लागारांचे प्रकल्प अहवाल असे सगळे माझ्या हातून वीस वर्षांहून अधिक काळ गेले आहे. या काळात शेवटचे प्रूफ तपासून झाले, फाइलची पीडीएफ केली आणि ती ग्राहकाला पाठवली की काम पूर्ण झाले, असेच मी मानत आले. ते पूर्ण होत नव्हते, हे मला गेल्या वर्षी नेरूळमध्ये एका सभागृहात बसल्यावर कळले, आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी आत्या नेरूळच्या एका जुन्या संस्थेत राहते. इमारतीच्या पुनर्विकासासाठी संस्थेने विशेष सर्वसाधारण सभा बोलावली होती आणि सभेच्या दोन दिवस आधी सल्लागारांचा ३१२ पानांचा अहवाल सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर आला होता. आत्या ७६ वर्षांची आहे, तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे, म्हणून मी सोबतीला गेले. सभेत सल्लागार म्हणाले, "आता पान १७१ वरचा चटई क्षेत्राचा तक्ता पाहा." सगळ्यांनी मोबाइलवर १७१ वे पान गाठले, तर तिथे जलनिःसारणाचे अंदाजपत्रक होते. मुखपृष्ठ, पत्रे, अनुक्रमणिका आणि प्रास्ताविक मिळून सुरुवातीच्या सोळा पानांना क्रमांकच दिलेला नव्हता. त्यामुळे कागदावर छापलेले १७१ वे पान फाइलमध्ये १८७ वे होते. कोणी पुढे सरकवत होते, कोणी मागे, आणि शेजारच्याला "कितवं? कितवं?" असे विचारण्यातच वेळ चालला होता. आत्या अंगठ्याने एकेक पान वर ढकलत त्या तक्त्याजवळ पोहोचली तेव्हा चर्चा पार्किंगवर गेलेली होती. परतताना रिक्षात ती मला म्हणाली, "अगं, मला पान सापडलंच नाही. सगळ्यांनी हात वर केला म्हणून मीही केला."

रात्री मी ती फाइल माझ्या संगणकावर उघडून पाहिली. अहवाल नीटनेटका होता, अक्षरजुळणी चांगली होती आणि अडीच पानांची सविस्तर अनुक्रमणिकाही होती, पण तिच्यातील एकही ओळ दाबल्यावर कुठे जात नव्हती. ज्या कोणी तो अहवाल जुळवला त्याला मी दोष देत नाही, कारण त्या दिवसापर्यंत मीही तो तसाच करून दिला असता.

पीडीएफ हा प्रकार अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ साली आणला आणि २००८ पासून तो आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अंतर्गत दुवे आणि वाचनखुणा यांची सोय त्यात अगदी पहिल्या आवृत्तीपासून आहे; म्हणजे आपण मागतो आहोत ती काही नवी किंवा महागडी गोष्ट नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी येथे लक्षात घ्याव्यात, कारण बोलताना त्यांची नेहमी गल्लत होते. वाचनखुणा, म्हणजे ज्यांना आपण बुकमार्क म्हणतो, त्या पानांच्या बाहेर, डाव्या बाजूच्या पट्टीत दिसतात आणि दस्तऐवजात आपण कुठेही असलो तरी हाताशी राहतात. दुवे हे प्रत्यक्ष पानावर असतात. अनुक्रमणिकेतील ओळ, "पाहा परिशिष्ट क" हा उल्लेख किंवा तळटीप दाबली की ते आपल्याला ठरलेल्या जागी नेतात. तिसरी गोष्ट पानांच्या लेबलांची. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि मूळ मजकुराला १ पासून क्रमांक असे फाइललाच सांगून ठेवता येते, आणि ही लेबले वाचणाऱ्या ॲपमध्ये छापील क्रमांक टाकला की तेच पान उघडते. नेरूळच्या सभेत जी तारांबळ उडाली तिचे मूळ या तिसऱ्या गोष्टीत होते, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित तीच आहे. तरीही केवळ एकीवर विसंबू नये, असे माझे मत आहे. मोबाइलवरील अनेक ॲपमध्ये वाचनखुणांची पट्टी कुठल्या तरी मेनूच्या आत दडलेली असते, काहींत ती नसतेच, आणि पानांची लेबले तर बहुतेक ठिकाणी विचारातच घेतली जात नाहीत. अशा वेळी अनुक्रमणिकेतील दुवाच वाचकाच्या कामी येतो. आणि दुव्याने पुढे गेलेल्या माणसाला परतही यावे लागते, म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी "अनुक्रमणिकेकडे" एवढा एक छोटा दुवा ठेवावा. मोबाइलवर वाचणाऱ्या ज्येष्ठांना त्याचा किती आधार वाटतो, हे मी पाहिले आहे.

आपल्या पोथ्यांना ही दृष्टी फार पूर्वीपासून आहे. अध्याय आणि ओवी यांचे क्रमांक सांगितले की पोथी कोणत्याही छापखान्याची असो, आकार लहान असो वा मोठा, पारायणाला बसलेला प्रत्येक जण त्याच ओळीवर येतो, कारण ती खूण पानाला बांधलेली नसून मजकुराला बांधलेली असते. पीडीएफमध्येही एखाद्या जागेला नाव देऊन ठेवण्याची सोय आहे. दुवा "पान १८७" कडे न जाता "चटई क्षेत्र तक्ता" या नावाच्या जागेकडे जातो, आणि उद्या मध्ये चार पाने वाढवून फाइल पुन्हा तयार केली, तरी त्या नावाने जोडलेला दुवा चुकत नाही.

हे करायचे कसे, याविषयी माझ्या व्यवसायबंधूंशी थोडे सविस्तर बोलते. वर्डमध्ये काम करणाऱ्यांपैकी बरेच जण शीर्षक ठळक करतात, अक्षराचा आकार वाढवतात, मधोमध आणतात आणि पुढे जातात. माणसाच्या डोळ्याला ते शीर्षक दिसते, पण वर्डला मात्र तो केवळ मोठ्या अक्षरांतील एक परिच्छेद असतो. त्याऐवजी त्या ओळीला हेडिंग १, हेडिंग २ अशी स्टाइल दिली, तर अनुक्रमणिका आपोआप तयार होते, तिच्यातील पृष्ठक्रमांक आपोआप बदलतात, आणि पीडीएफ म्हणून सेव्ह करताना पर्यायांच्या खिडकीत हेडिंगवरून बुकमार्क तयार करण्याच्या चौकटीत खूण केली की वाचनखुणाही मिळतात. विंडोजवरील वर्डमध्ये ही चौकट आपोआप निवडलेली नसते. ती दर वेळी आठवणीने निवडावी लागते. लिबरऑफिस हे मोफत मिळते आणि त्यातही पीडीएफ एक्सपोर्ट करताना आउटलाइनसाठी, म्हणजे वाचनखुणांसाठी, असाच पर्याय आहे. इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रणालीत अनुक्रमणिका तयार करतानाच पीडीएफ बुकमार्कची चौकट असते आणि एक्सपोर्टच्या वेळी बुकमार्क व हायपरलिंक या दोन्ही चौकटी निवडाव्या लागतात. सर्वांत मोठी चूक होते ती मात्र प्रिंटच्या आज्ञेत. "प्रिंट टू पीडीएफ" म्हणजे कागदाऐवजी फाइलवर छापणे. छपाईत शाई उतरते. शीर्षक कोणते, दुवा कुठे जातो, हे ज्ञान उतरत नाही. तासभर खपून लावलेल्या स्टाइल त्या एका क्लिकमध्ये वाया जातात, म्हणून पीडीएफ नेहमी सेव्ह किंवा एक्सपोर्ट करूनच काढावी.

मराठीत यापुढे आणखी एक अडचण उभी राहते, आणि तिच्याविषयी कोणत्याही मदतपुस्तिकेत वाचायला मिळणार नाही, कारण ती पुस्तके आपल्यासाठी लिहिलेली नसतात. आपल्याकडील कितीतरी मजकूर अजून पेजमेकर या जुन्या पानमांडणी प्रणालीत, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे सर्व लिपींसाठीची युनिकोड ही समान संगणकीय अक्षरपद्धती येण्याआधीच्या फॉन्टमध्ये, जुळवला जातो. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर "प्रकरण" दिसले तरी आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच. फॉन्टने त्यांच्यावर देवनागरीचा वेश चढवलेला असतो. पीडीएफच्या पानावर तो फॉन्ट सोबत असल्याने सारे व्यवस्थित दिसते, परंतु वाचनखुणांची पट्टी वाचकाच्या यंत्रातील साध्या फॉन्टने लिहिली जाते आणि शीर्षके आपोआप तिथे नेली की चिन्हांची अगम्य माळ उमटते. अशी पट्टी पाहून अनेकांनी "मराठीत बुकमार्क होत नाहीत" असा निष्कर्ष काढला आहे. तो चुकीचा आहे. वाचनखुणेचा मजकूर युनिकोडमध्ये असू शकतो, मग पानावरचा फॉन्ट कोणताही असो. फक्त ती शीर्षके हाताने युनिकोड देवनागरीत टंकावी लागतात. चाळीस प्रकरणांच्या पुस्तकाला मला त्यासाठी अर्धा तास लागतो. आणि हे लक्षात घ्या की अशा जुन्या फॉन्टमधील फाइलीत शब्द शोधण्याची सोयसुद्धा देवनागरीत चालत नाही. "पार्किंग" असे टंकून शोधले तर काहीही सापडत नाही. म्हणजे जिथे शोध बंद आहे, तिथे वाचकापाशी वाचनखुणांवाचून दुसरी वाटच नसते, आणि नेमक्या त्याच फाइली आपण खुणांशिवाय देतो.

स्कॅन केलेल्या ग्रंथांची गोष्ट याच्या जवळची आहे, आणि येथे मी ग्रंथालयांशी बोलते. १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथ संग्रहालय ज्या शहरात स्थापन झाले, त्या ठाण्याला जुनी पुस्तके जपण्याचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे छायाचित्रांची गड्डी असते; तिच्यात यंत्राला अक्षर दिसत नाही. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीने मराठी मजकूर ओळखून घेता येतो, ते अवश्य करावे, पण त्यामुळे शोध सुरू होतो, रचना येत नाही. रचना माणसालाच सांगावी लागते. मी त्यासाठी साध्या मजकूर फाइलीत प्रत्येक शीर्षक, त्याची पातळी आणि फाइलमधील पान अशी नोंद करते आणि पीडीटीके या मोफत साधनाने ती एकदम पीडीएफला जोडते. मात्र त्यात यूटीएफ-८ ची, म्हणजे युनिकोड मजकुराची, आज्ञा वापरावी लागते, नाहीतर देवनागरीची वाट लागते. छापील क्रमांकात ठरावीक आकडा मिळवला की फाइलमधील पान मिळते, हा हिशेब सहसा बरोबर असतो. पण जुन्या ग्रंथांत मधूनच क्रमांक नसलेले नकाशे आणि चित्रपट्ट येतात आणि तिथून पुढे तो आकडा बदलतो. म्हणून दर प्रकरणाचे पहिले पान डोळ्यांनी पाहूनच नोंदवावे.

एक उदाहरण देते. बॉम्बे गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे खंड १८८२ साली प्रसिद्ध झाले. तेरावा खंड दोन भागांत आहे आणि चौदाव्यात जिल्ह्यातील स्थळांची माहिती इंग्रजी वर्णानुक्रमाने दिली आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात आजचा पालघर जिल्हाही होता, जो १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. आता वसईतील एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या गावाची माहिती हवी असेल, तर तिथे वसई "बॅसीन" या नावाखाली आहे हे त्याला आधी ठाऊक असावे लागते. त्या खंडाच्या पीडीएफला कोणी देवनागरीत "वसई (बॅसीन)" अशी स्थळवार वाचनखूण लावली, तर मूळ छापील ग्रंथात कधीच नव्हते ते एक मराठी प्रवेशद्वार त्याला मिळेल. ग्रंथाच्या एकाही अक्षराला हात न लावता हे करता येते. आपल्या ग्रंथालयांतील स्वयंसेवकांनी याहून मोलाचे काम शोधायला जावे, असे मला वाटत नाही.

सार्वजनिक कार्यालयांना कायद्याचे स्मरण देणे आवश्यक आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(क) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध व निर्देशांकित करून, माहिती मिळवणे सुकर होईल अशा रीतीने ठेवायचे आहेत. दोन-तीनशे पानांचे अंदाजपत्रक वा नियमावली संकेतस्थळावर ठेवली, पण तिच्यात हवे ते कलम गाठता येत नसेल, तर ती उपलब्ध आहे असे म्हणता येईल. सुकर आहे असे म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीच पाहा. पुनर्विकासात गुंतलेल्या ठाण्यातील आणि नवी मुंबईतील असंख्य संस्थांना ती हाताळावी लागते आणि तिच्यातील एक विनियम दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे बोट दाखवतो. अशा मजकुरात प्रत्येक परस्परसंदर्भ हा दुवा असला पाहिजे, कारण वकील किंवा वास्तुविशारद परिच्छेद क्रमांक पाठ ठेवून काम चालवू शकतो, सामान्य सभासद नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ माहिती-तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता येईल असे असावे याची जबाबदारी शासनावर टाकते, आणि संकेतस्थळांच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांसोबतच्या तंत्रांत पीडीएफला वाचनखुणा जोडण्याचे स्वतंत्र तंत्र नोंदवलेले आहे. ज्याला पाने दिसत नाहीत, जो एनव्हीडीएसारख्या वाचक प्रणालीकडून मजकूर ऐकतो, त्याला १८७ व्या पानापर्यंत नुसते चाळत जाता येत नाही. आपण डोळ्यांनी शीर्षके शोधतो तशी तो शीर्षकांच्या खुणांनी शोधतो. त्या दिल्याच नाहीत, तर पहिल्या पानापासून ऐकत बसणे एवढेच त्याच्या हाती उरते.

हे काम दस्तऐवज तयार करणाऱ्यानेच का करावे, नंतर ज्याला गरज असेल त्याने का करू नये, असे मला विचारण्यात आले आहे. पहिले कारण साधे आहे: कोणते शीर्षक कोणाच्या पोटात आहे, हे मूळ फाइल हाती असलेल्यालाच नक्की माहीत असते. दुसरे कारण डिजिटल स्वाक्षरीचे. स्वाक्षरी झालेल्या पीडीएफमध्ये नंतर एखादी वाचनखूण जरी घातली, तरी स्वाक्षरीनंतर दस्तऐवज बदलला गेल्याची सूचना दिसू लागते, आणि तसे दिसणे कोणत्याही कार्यालयाला परवडणारे नाही. म्हणून खुणा आणि दुवे आधी, स्वाक्षरी शेवटी, हा क्रम ठरवून घ्यावा. फाइली एकत्र करतानाही हीच दक्षता हवी. पाच विभागांकडून आलेल्या पाच पीडीएफ जोडल्यावर वाचनखुणा टिकल्या आहेत का आणि योग्य विभागाखाली बसल्या आहेत का, ते पाहावे. आकार कमी करणारी काही साधने फाइल जणू पुन्हा छापतात आणि दुवे पुसून टाकतात, म्हणून आकार कमी केल्यावर पुन्हा तपासावे. आणि परिशिष्टाचा दुवा कार्यालयातील संगणकाच्या सी ड्राइव्हवरील फाइलकडे जात नाही ना, याची खात्री करावी, कारण तो दुवा कार्यालयाबाहेर कोणासाठीच उघडत नाही.

वाचनखुणा किती द्याव्यात, याबाबत मात्र संयम हवा. अहवालाला दोन पातळ्या पुरतात, कायद्याला किंवा नियमावलीला तिसरी लागते. त्यापलीकडे गेलो की पट्टीच अहवालाइतकी लांब होते. "प्रकरण ४" एवढेच न लिहिता "४. पार्किंग व वाहनतळ" असे लिहावे. आणि दस्तऐवजाच्या गुणधर्मांत, फाइल उघडताच पट्टीही उघडी दिसेल असे ठरवून ठेवावे, कारण ती तिथे आहे हेच अनेक वाचकांना माहीत नसते.

शेवटी पैशाचे. आमच्या व्यवसायात दर पानामागे ठरतो. मजकूर जुळवला त्याचे पैसे मिळतात, तक्त्यांचा दर वेगळा असतो, पण खुणा व दुवे लावण्याचे कुठल्याच बिलात नाव नसते, आणि ज्याचे नाव बिलात नाही ते काम घाईच्या दिवसांत मागे पडते. यात अक्षरजुळणीकाराचा आळस नाही. मागणाऱ्यानेच ते कधी मागितलेले नाही. म्हणून माझी कार्यालयांना आणि संस्थांना विनंती आहे की, कार्यादेशात "वाचनखुणा, दुवे असलेली अनुक्रमणिका व पानांची लेबले यांसह पीडीएफ" असे स्पष्ट लिहावे, त्यासाठी तासाभराचा वाजवी मोबदला धरावा, आणि बिल मंजूर करण्यापूर्वी फाइल स्वतःच्या मोबाइलवर उघडून अनुक्रमणिकेतील कोणत्याही पाच ओळी दाबून पाहाव्यात. पाचही ठिकाणी योग्य पान उघडले नाही, तर फाइल परत पाठवावी. छापील पुस्तकात पाने उलटसुलट बांधली गेली तर आपण ते बांधणाराकडे परत देतोच.

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात आणि अहवाल ऑगस्टपासूनच आमच्याकडे येऊ लागतात. यंदा माझ्याकडे येणाऱ्या चाळीस पानांहून मोठ्या प्रत्येक अहवालाला मी या तिन्ही गोष्टी वेगळे पैसे न घेता जोडून देणार आहे, आणि ज्या व्यवसायबंधूंना जुन्या फॉन्टच्या फाइलींवर युनिकोड वाचनखुणा बसवण्याची पद्धत शिकायची असेल, त्यांना ती समोर बसवून दाखवीन. नेरूळच्या संस्थेचा सुधारित अहवालही पुढील सभेपूर्वी येणार आहे. संस्थेच्या सचिवांना मी लेखी विनंती केली आहे की, सल्लागारांनी त्यावर स्वाक्षरी करण्याआधी ती फाइल एक दिवस माझ्याकडे द्यावी.

आपली नम्र,
एक अक्षरजुळणीकार
नौपाडा, ठाणे